सुण्णद गुड्ड्याची डावी वाट

अक्का, सात वर्षांत तुम्हाला नीट मांडी घालून बसलेलं मी एकदाच पाहिलं, आणि तेही तुम्हाला मातीत बसवताना. तुमच्यात माणसाला निजवत नाहीत, बसवतात, हे मी ऐकून होते. पण कुंभारीच्या तुमच्या शेतात, खड्ड्यातल्या कोनाड्यात, कपाळभर विभूती आणि मांडीवर बेलाची पानं घेऊन तुम्ही ताठ बसलेल्या दिसलात आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं बाई, बसल्या एकदाच्या!" शेजारच्या बाई माझ्याकडे डोळे वटारून बघायला लागल्या. त्यांना काय ठाऊक? माळावर तास-दोन तास चालून मी एखादा दगड बघून टेकले की तुम्ही पदर खोचून उभ्याच. "बसलं की गुडगा धरतो वो टीचर. उभ्यानं दम खावा." मला हसू आलं, आणि हसता हसता असं रडू फुटलं की तुमच्या सुनेला, गिरिजाला, मला धरून बाजूला न्यावं लागलं.

त्याला आता तीन आठवडे झाले. भेटायला येणारा जो तो एकच म्हणत होता, "ऐकलं आणि सुन्न झालो." मी मान हलवत होते आणि मनात तुमचा आवाज ऐकत होते, "चुना झाला व्हय?" कारण तुमच्या कन्नडात सुण्ण म्हणजे चुना. माझं खरं सांगू? मी सुन्न वगैरे काही झाले नाही. मला राग आला. पूजेची फुलं काढायला गेलेली बाई पायरीवर हात टेकते काय आणि संपते काय! ना दवाखाना, ना निरोप. मला तुमची माफी मागायची होती. चार वर्षं मागायची राहिली होती. तेवढी ऐकून तरी जायचं की.

ती मागायलाच हे लिहितेय. पण मधे मधे भांडणार, आधीच सांगून ठेवते.

आपली ओळखच मुळात भांडणातून. मी नुकतीच निवृत्त झालेली विज्ञानाची शिक्षिका. गच्चीला शहाबादी फरशी घालायची म्हणून तुमच्या दुकानात आले. इरकल साडी, पायात नातवाचे कॅनव्हासचे बूट आणि तोंडात पान, अशा तुम्ही फरश्यांच्या थप्पीला टेकून उभ्या होतात. मला दाखवलेल्या एका फरशीवर नेच्याच्या पानासारखी काळपट नक्षी होती.

"ही डागाळलेली आहे, बदलून द्या," मी म्हटलं.

"डाग न्हाय बाई. पान हाय. दगडात पान उगवलंय."

"पान नाही ते. भेगेत खनिजाचं पाणी शिरलं की अशी नक्षी होते."

तुम्ही तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलंत आणि मला वरपासून खालपर्यंत बघितलंत. "तुमी शाळंत शिकवता का वो?"

"शिकवत होते."

"तरीच."

त्या दिवसापासून मी टीचर. माझं नाव तुम्ही एकदाही घेतलं नाहीत, तुम्हाला ते माहीत होतं की नाही याचीच मला शंका आहे. ती फरशी मी शेवटी घेतली आणि गच्चीच्या दारात बसवली. तुम्ही घरी आलात की ती ओलांडून जायचात, पानावर पाय कशाला म्हणून. मी दर वेळी म्हणायची, पान नाही ते. तुम्ही दर वेळी म्हणायचात, बरं. आणि ओलांडायचात.

फरशी टेम्पोत चढवताना तुम्ही सहज विचारलंत, "दगूड कुटनं येतो बघायचाय का? रविवारी माहेरला चाललेय." मला डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. मी होम मैदानाला चार फेऱ्या मारून त्यालाच चालणं म्हणत होते. मी हो म्हटलं ते निव्वळ डॉक्टरांना सांगायला काहीतरी होईल म्हणून.

सोलापूरहून रेल्वेने शहाबादच्या पुढे उतरलो, टमटमने तुमच्या गावाशी आलो, आणि चालायला लागलो. तासभर चालल्यावर मी वैतागून विचारलं, "अहो, डोंगर कुठाय?"

"पायाखाली हाय की."

मी मागे वळून बघितलं तर गाव खाली, चांगलंच खाली, आणि टमटम काडेपेटीएवढी. तो माळ असा हळूहळू चढतो की छातीला कळतं, डोळ्याला कळत नाही. वर सगळा उघडा दगड, थरावर थर, कुणी फरशी घालून मधेच काम सोडून गेल्यासारखा. मी कौतुकाने बघत होते तेवढ्यात घोट्यातून पाय मुरगळला. तिथे तुम्ही मला पहिला धडा दिलात. पाय टाकायच्या आधी टाच आपटायची. फरशी टणकन वाजली तर ती बसलेली, ठप्प वाजली तर खाली पोकळ, तिथून पाय काढायचा. पंचवीस-तीस वर्षं मी दुसऱ्यांना शिकवलं होतं. मला कुणी काही शिकवून किती दिवस झाले होते, ते तेव्हा जाणवलं. फार बरं वाटलं अक्का. तेव्हा सांगितलं नाही, आता सांगते.

मग आपण दर हिवाळ्यात जातच राहिलो. आधी दोघी, मग माझ्या शाळेतल्या दोघी, तुमच्या गल्लीतल्या दोघी, अशा सहा जणी. कडक भाकरी, शेंगाचटणी, कांदा आणि तुमचा फिरकीचा तांब्या. वाटांना नावं तुम्हीच द्यायचात. फरशीवाट ही सोपी, नवीन बाई आली की तिला तिकडूनच न्यायचं. बोरीची वाट लांबची, पण संक्रांतीच्या सुमाराला तिच्यावर बोरं खाऊन दात आंबायचे. तिसऱ्या एका वाटेवर तो ओढा होता, चांगला खळखळ वाहत येतो आणि मधेच एका भेगेत शिरून गायब होतो, आणि कोसभर पुढे टेकडीच्या दुसऱ्याच अंगाने बाहेर येतो. मी त्याचं कारण सांगायला लागले, चुनखडी पाण्यात कशी झिजते ते. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "आणि त्याला लाजबी येत असंल की. एवढ्या बाया बगून." सगळ्या जणी हसल्या आणि माझी चुनखडी राहिली बाजूला.

आणि तुमच्या खुणा. कमरेला पानाची चंची, चंचीत चुन्याची पितळी डबी. वाट फुटली की तुम्ही डबीत बोट घालायचात आणि दगडावर एक उभी रेघ ओढायचात. एक बोट म्हणजे आपली वाट. दोन बोटं म्हणजे पुढे पाणी आहे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी म्हटलं, पावसात धुऊन जाईल हे.

"उगड्यावरचा जाईल, आडोशाचा ऱ्हाईल. चुना मुरला की दगूड होतो वो."

चुनाभट्टीवाल्याची लेक तुम्ही, हे तुम्हाला परकर नेसायच्या वयातच ठाऊक होतं. मी जन्मभर वर्गावर्गात चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारायला लावली, निवळी दुधाळ झाली की पोरांकडून टाळ्या वाजवून घेतल्या. दगड भाजला की चुना, चुन्याला हवा लागली की परत दगड. फळ्यावर लिहून लिहून खडू संपवले. पण ते काय आहे हे मला साठाव्या वर्षी कळलं, तुमच्या बोटाशेजारी माझं बोट चुन्यात बुडवून. बोट दोन दिवस चुरचुरत होतं.

तुम्हाला मराठी लिहिताना वरची रेघ द्यायची सवय नव्हती, हेही इथेच लिहून ठेवते. शाळा कन्नड, चौथीपर्यंत. सहा जणींनी काय काय आणायचं याची यादी तुम्ही करायचात आणि ती अक्षरं अशी डोक्यावर काही नसलेली, सुटी सुटी. मी लाल पेनने सगळ्यांवर रेघ मारून परत द्यायची. सवय जात नाही. तुम्ही म्हणायचात, "रेघ कशाला पायजे? वाचता आलं न्हवं? मग?" यावरही आपलं कधी मिटलं नाही.

आता त्या दिवसाकडे येते. आणखी किती लांबवू?

सुण्णद गुड्डा म्हणजे चुन्याची टेकडी, तुमच्या माहेरच्या गावामागची. पायथ्याला तुमच्या वडिलांची भट्टी होती, तिचे काळे पडलेले दगड अजून आहेत. त्या दिवशी बाकीच्या चौघींना जमलं नाही, आपण दोघीच गेलो. निम्म्यावर एका बाभळीपाशी वाट फुटते. तुम्ही उजवीकडे वळलात, मी मोबाइल काढला.

"अक्का, नकाशात उजवीकडे वाटच नाहीये. डावीकडची वर जाते."

"यडक्क न्हाय, बलक्क." डावीकडं नाही, उजवीकडं. तुम्ही हट्टाला आलात की कन्नड सुरू व्हायचं.

"बघा तरी एकदा."

"त्या डबड्याला काय ठावं? अप्पांसंगट म्या रोज गेलेय ह्या वाटंनं."

"पन्नास वर्षं झाली त्याला."

"मग? दगूड कुटं जातोय?"

ऊन चढलेलं, माझी टाच सोललेली, आणि मला बरोबर असण्याची हौस. मी म्हटलं, "अक्का, तुमचं माहेर आता राहिलंय कुठे? खाणवाल्यांनी कधीच कापून नेलं ते. तुम्ही वाटेवरून चालत नाही, आठवणीवरून चालताय."

चंचीचा दोर ओढून घट्ट केलात, "बरं" म्हणालात आणि उजवीकडे चालायला लागलात. त्या 'बरं'मध्ये काही नव्हतं, फरशी ओलांडताना म्हणायचात तसंच. मी डावीकडे गेले. माझा हट्ट तुमच्यापेक्षा काय कमी?

दहा मिनिटांनी लक्षात आलं की भाकऱ्या माझ्या पिशवीत आणि तांब्या तुमच्या हातात. तरी परत फिरले नाही. शेंगाचटणी लावून अर्धी कडक भाकरी खाल्ली, त्याने तर जीभ टाळूलाच चिकटली. पुढे एक म्हातारा धनगर मेंढरं घेऊन उभा होता. कन्नड मला तेव्हा चार शब्द येत होते. मी वरच्या उताराकडे हात करून विचारलं, "नीर? नीर?"

"हौद री, हौद," तो म्हणाला आणि तिकडेच बोट दाखवलं.

म्हटलं चला, वर हौद आहे. सरकारी असेल, गुरांना पाणी पाजायचा. मी तो उतार चारदा पालथा घातला. सिमेंटचा बघितला, दगडी बघितला, फुटका तरी असेल म्हणून बघितला. हौद काही नाही. दोन तासांनी तुम्ही माथ्यावरून खाली आलात. तुमचे डोळे लाल होते, मला वाटलं उन्हाने.

तांब्या माझ्या हातात देऊन तुम्ही विचारलंत, "काय हुडकायलाय?"

"हौद. त्या धनगराने सांगितलं, इथे हौद आहे."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग असं हसलात, असं हसलात, की गुडघ्यावर हात टेकून वाकलात. बसला मात्र नाहीत. "व्हय म्हनला की वो टीचर त्यो! पानी हाय का इचारलं, व्हय म्हनला! हौद म्हंजे व्हय!"

गाडीत सोलापूर येईपर्यंत तुम्ही अधूनमधून तोंडाला पदर लावून हसत होतात. सगळ्यांना ती गोष्ट रंगवून सांगितलीत. त्यानंतर मी काहीही विचारलं की तुमचं उत्तर ठरलेलं. चहा घेणार का? हौद. गाडी आली का? हौद. पण मी जे बोलले होते त्याबद्दल अवाक्षर नाही. आणि त्या गुड्ड्याचं नावही नाही. बाकी सगळ्या वाटा झाल्या, तीन तीनदा झाल्या, पण तिकडे आपण परत गेलो नाही. मी समजले. लागलं होतं तुम्हाला. ज्या बाईने मला स्वतःचं माहेर चालून दाखवलं, तिला मी ते राहिलंच नाही म्हणून सांगितलं.

माफी मागायचं मी कितीदा ठरवलं, तुम्हाला सांगते. फलाटावर ठरवलं, बोरीच्या वाटेवर ठरवलं. तुमच्या नातीच्या बारशाला घुगऱ्यांची वाटी हातात धरून ठरवलं. ओठापर्यंत यायचं आणि मी भलतंच बोलायची, अक्का, भाकरी घ्या अजून. वर्गात चूक कबूल करायला मी पोरांना उभं करत होते. स्वतःला नाही जमलं. बाई म्हणून मी तशी फटकळ, कुणाला भिणारी नाही. तुम्हाला भीत होते. म्हणजे तुम्ही 'बरं' म्हणून पुन्हा कधी येणारच नाही, त्याला भीत होते.

कारण तुम्ही आला नसतात तर माझं काय झालं असतं ते मला ठाऊक आहे. मुलगा परदेशात, घरात मी एकटी, आणि रविवारी त्याचा फोन येईपर्यंत घड्याळ बघत बसणारी. तुम्ही दर रविवारी पहाटे फाटकाची कडी वाजवायचात आणि बाहेरूनच ओरडायचात, "टीचर, बूट!" त्याचा फोन मी कितीदा त्या माळावर उभी राहून घेतला. तो म्हणायचा, आई, वारा किती आहे तिकडे. मला त्याचा अभिमान वाटायचा, वाऱ्याचा. हे सगळं तुमचं देणं आहे, आणि मी तुम्हाला साधं थँक्यूसुद्धा म्हटलं नाही, कारण तुम्ही म्हणाला असतात, "शाळंत हाय व्हय आपन?"

दसऱ्याला गिरिजा सोनं द्यायला घरी आली. आपट्याची पानं हातात ठेवली आणि पर्समधून तुमची डबी काढून त्या पानांवर ठेवली. "टीचर, ही तुम्हीच ठेवा. आमच्यात पान खाणारं कुणी नाही आता." डबी अर्धी भरलेली होती. चुना वाळून जाऊ नये म्हणून मी लगेच थोडं पाणी घातलं. पावसाळा संपला होता, खुणा नव्याने करायचे दिवस. म्हटलं सुरुवात कुठून करायची ते तर ठरलेलंच आहे. मी गिरिजाला विचारलं, "गुड्ड्यावर येशील?" तिने जरा चमकून बघितलं आणि हो म्हणाली.

परवाच्या रविवारी गेलो. सोलापूर सोडल्यावर दोन्हीकडे ज्वारीच्या पेरण्या चालल्या होत्या. गिरिजाने तुमचेच बूट घातले होते, तिला एक नंबर मोठे होत होते.

बाभळीपाशी मी थांबले आणि आधी उजवीकडे वळले. तुमच्या वाटेने जायचं, तुमच्या दगडावर खूण करायची आणि मनातल्या मनात माफी मागून यायची, असं ठरवलं होतं. शंभर पावलंही गेलो नसू. वाट संपली. संपली म्हणजे सुरीने वडी कापावी तशी कापलेली, खाली सरळ भिंत, आणि तळात हिरवं पाणी साठलेलं. जुनी खाण. टेकडीची सगळी उजवी कूस नेलेली होती.

म्हणजे अक्का, मी ते वाक्य बोलले आणि दोन-चार मिनिटांत तुम्ही इथे येऊन पोचला होतात. माझा शब्द खरा झालेला तुम्ही डोळ्यांनी बघितलात. त्यानंतर दोन तास तुम्ही इथे काय केलंत? उभ्याच असाल. आणि मग त्या काठाकाठाने माथ्यावर चढून मला शोधायला खाली आलात, मला पाणी दिलंत आणि माझ्या हौदावर हसलात. मी तुमच्या डोळ्यांना ऊन लागलं समजले. एवढी शिकलेली बाई मी!

गिरिजाने माझा दंड धरला. "चला, तुमच्या वाटेने जाऊ."

"माझी कसली वाट?"

"डावी की. टीचरची वाट."

बाभळीच्या डावीकडे पहिल्याच दगडावर चुन्याचं बोट होतं. पावसाने फिकं झालेलं, पण होतं. वीस पावलांवर दुसरं. दगडाच्या आडोशाला तिसरं, आणि ते जाड, बोटावर बोट, थरावर थर. मी नखाने खरवडून बघितलं, निघेना. चार थर मोजता येत होते.

"अत्ती दर दिवाळीला भावाकडे यायच्या ना," गिरिजा म्हणाली. सासूला, म्हणजे तुम्हाला, ती अत्तीच म्हणायची. "परत आल्या की बोटाची साल गेलेली असायची. मी विचारलं की म्हणायच्या, टीचरची वाट रंगवून आले. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

"मग मला का नाही आणलं एकदाही?"

"मी म्हणायची त्यांना, घेऊन जा की टीचरना. तर म्हणायच्या, त्यांना गुड्ड्याचं नाव काढू दे. त्या दिवशी त्यांना उन्हात एकटं सोडलं मी, पाणी बी दिलं न्हाय. राग असंल त्यांच्या मनात."

मी तिथेच दगडावर बसले. चार वर्षं, अक्का! तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत होतात आणि मी तुमच्या. दोघी मिळून सव्वाशे वर्षांच्या बायका आणि अक्कल एवढीशी. मला तुमचा इतका राग आला आणि इतकं प्रेम आलं की मी त्या फरशीवर टाच आपटली. टणकन वाजली.

गिरिजा खुणा बघत पुढे गेली होती. तो उतार मी ओळखला, चारदा पालथा घातलेला. वरच्या अंगाला दगडाचा एक थर छज्ज्यासारखा पुढे आलेला आहे, वरून चालणाऱ्याला त्याच्या खाली काय आहे ते दिसत नाही. गिरिजा वाकून त्याच्या आत शिरली. मी मागे एकटीच होते. म्हटलं, आता नाही तर कधी? कुणी ऐकत नाही, फार तर एक मेंढरू ऐकेल. आणि मी मोठ्याने बोलले, वर्गात बोलायची तसं.

"अक्का, त्या दिवशी मी बोलले ते चुकलं माझं. घातलंत का पोटात?"

छज्ज्याखालून गिरिजाचा आवाज आला, "हौद."

"काय म्हणालीस?"

"इथे लिहिलंय की टीचर. या, बघा ना. हौद."

मी गुडघे टेकून आत शिरले. गारवा होता. दगडाच्या सांध्यातून पाणी झिरपत होतं आणि खाली परातीएवढ्या खळग्यात साठत होतं, स्वच्छ, तळ दिसणारं. धनगराने बरोबरच सांगितलं होतं, व्हय, आहे पाणी. मी डोक्यात हौद घेऊन या पाण्याच्या डोक्यावरून चारदा गेले होते. वर कोरड्या दगडावर तुमची दोन बोटं, आणि त्यांच्या शेजारी चुन्यानेच लिहिलेली दोन अक्षरं, वीतभर उंचीची. आडोशाला असल्यामुळे पावसाचा थेंब लागलेला नव्हता. डोक्यावर रेघ नसलेली.

आम्ही ओंजळीने पाणी प्यायलो. गिरिजा बाहेर जाऊन डब्यातून भाकरी काढायला लागली. मी डबी उघडली, बोट चुन्यात बुडवलं. सवयीने हात आधी अक्षरांच्या वर गेला, डावीकडून उजवीकडे. तिथेच थांबवला. मग तुमच्या अक्षरांवरून, तुमच्याच वळणाने, सावकाश बोट फिरवलं. वरची रेघ मारली नाही, अक्का.